पुण्या-मुंबईबाहेर वाढलेल्यांना आकाशवाणी-दूरदर्शनचा ‘सुवर्णकाळ’ खरंच आठवतो, की ऐकीव आठवणी सांगतात?

प्रश्न खोचक आहे, पण बरोबर जागी लागलाय. मी कोल्हापूरचा, पन्नाशी ओलांडलेला, त्यामुळं आमच्यापुरतं सांगतो. रेडिओचा काळ आठवतो आणि तो आमचा होता. टीव्हीचा जो ‘सुवर्णकाळ’ म्हणून सांगतात, त्यातला बराचसा आम्ही पाहिलेलाच नाही.

आधी टीव्हीचं उरकतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि वर्षभरात सिंहगडावरच्या टॉवरमुळं पुण्यात दिसायला लागलं. कोल्हापूर त्या टप्प्यात कुठं येतंय! १९७७ च्या सुमाराला दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे चिमणराव-गुंड्याभाऊ करून महाराष्ट्राला हसवत होते असं म्हणतात, तेव्हा आमच्या पेठेत कुठल्या कौलावर अँटेना नव्हता. तरी आज माझ्या वयाचा माणूस ‘काय ती मालिका होती राव’ म्हणून उसासा टाकतो. मी लगेच विचारतो, कुठं बघितलीस? मग हळूच निघतं की सुट्टीत पुण्याच्या आत्याकडं एखादा भाग बघितला होता, बाकीचं नंतर कधीतरी पुन्हा दाखवलं तेव्हा. पुणेकरांच्या आठवणी आपल्या म्हणून सांगायची ही खोड आमच्यात भरपूर आहे.

आमच्याकडं टीव्ही आला तो १९८२ च्या एशियाडनंतरच्या लाटेत. १९८४ साली देशभर जवळजवळ रोज एक या वेगानं कमी शक्तीचे ट्रान्समीटर उभे राहिले. इन्सॅट उपग्रहावरनं दिल्लीचा कार्यक्रम झेलायचा आणि पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघात सोडायचा, एवढंच त्यांचं काम. कागलच्या पुढं गेलात की पडद्यावर मुंग्या. आणि मुख्य गोष्ट म्हणजे स्टुडिओ नाही. राज्यात स्टुडिओ मुंबई, नागपूर, पुणे इथंच. त्यामुळं कोल्हापूरच्या टॉवरमधनं कोल्हापूरचं काहीच बाहेर पडत नव्हतं. रविवारी रामायणाला रस्ते ओस पडायचे हे खरं, पण ते काशीतही पडत होते. त्याला प्रादेशिक कसं म्हणायचं? मराठी उपग्रह वाहिनी १९९४ ला आली, तिचं नाव ‘सह्याद्री’ त्याच्याही नंतरचं. तोवर केबलवाल्यांनी गल्लीत वायरी ओढल्या होत्या.

रेडिओची गोष्ट वेगळी, आणि ती मला जरा आतनं माहीत आहे. आमच्या थोरल्या चुलत्यांचं, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, लक्ष्मीपुरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथं. कामं फुटकळच, म्हणजे स्क्रू गोळा करणं, गिऱ्हाइकाला चिठ्ठी देणं, नाहीतर डायलची तुटलेली दोरी पुलीवरनं ओवून देणं. ही दोरी ओवणं म्हणजे वैताग होता. एक वेढा कमी पडला की काटा उलटा पळायचा. व्हॉल्यूम खरखरला की सीटीसीचे, म्हणजे तेव्हा साफसफाईला वापरायच्या कार्बन टेट्राक्लोराइडचे, दोन थेंब मारायचे. गिऱ्हाइकानं घरी स्क्रू-ड्रायव्हर घालून आयएफटी, म्हणजे आतली बारीक जुळवलेली कॉइल, पिळली असली की मात्र आण्णांची सटकायची. “डॉक्टरकडं जायच्या आधी स्वतःच पोट फाडून बघतोस काय रं?” हा त्यांचा ठरलेला डायलॉग.

रेडिओ दुरुस्त झाला की नाही याची परीक्षा एकच: सांगली लागली का? आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं, मीडियम वेव्ह, २३९.८ मीटर म्हणजे १२५१ किलोहर्ट्झ. कोल्हापुरात तेव्हा स्वतःचं केंद्र नव्हतं, त्यामुळं सांगली हेच आमचं. दिवसा बाकीची स्टेशनं क्षीण, सांगली खणखणीत. गिऱ्हाईक काउंटरवर उभं, आण्णा काटा फिरवतात, सांगली बोलायला लागली की गिऱ्हाइकाचा हात खिशाकडं. जुन्या डायलच्या काचेवर दिल्ली, सिलोन छापलेलं असायचं, पण सांगलीचा पत्ता नसायचा. तिथं आण्णा लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. ती बाटली काकूंच्या कपाटातनं आलेली, हे काकूंना माहीत नव्हतं.

आणखी एक युक्ती त्यांनी शिकवली. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची एक काळी कांडी असते, तोच त्याचा अँटेना. कांडीची बाजू स्टेशनकडं केली की आवाज भरतो, टोक केलं की पडतो. म्हणून नुसता काटा फिरवून भागत नाही, आख्खा रेडिओ फिरवावा लागतो. सांगली आमच्या पूर्वेला, जरा उत्तरेकडं कललेली. धारवाड दक्षिणेला, म्हणजे जवळजवळ काटकोनात. एकच रेडिओ कोनाड्यात आडवा ठेवला की सांगली छान, उभा वळवला की धारवाडचं कन्नड छान. रात्री आणखी गंमत. दिवसा या लहरी शोषून घेणारा आकाशातला थर मावळल्यावर विरून जातो आणि वरच्या थरावर आपटून लांबलांबची स्टेशनं जमिनीवर उतरतात. मग सांगलीच्या भावगीताखालनं कुठलीतरी अनोळखी भाषा कुजबुजायला लागायची.

दुकानातला सगळ्यात लक्षात राहिलेला रेडिओ एका गुऱ्हाळघरातला. हंगामात गुऱ्हाळावर पहाटेपासनं चुलवाण पेटलेलं, माणसं जागी, आणि खांबाला चामडी कव्हरात रेडिओ टांगलेला. तो दुकानात आला तेव्हा कव्हर काजळीनं काळं आणि हाताला चिकटत होतं. आण्णांनी मागचं झाकण काढलं आणि आतनं मुंग्यांची रांगच बाहेर आली. काकवीचे शिंतोडे जाळीतनं स्पीकरच्या कागदापर्यंत गेले होते, मुंग्यांनी तो कागदही कुरतडला होता. मालक म्हणाला, “आवाज भसाडा झालाय, पण भाव तेवढा कळतोय, चालंल.” भाव म्हणजे बाजारभाव. मार्केट यार्डात गुळाला क्विंटलला काय निघालं, सांगलीत हळदीचं काय, हे रेडिओवर सांगायचे. आणि ते कान देऊन ऐकणारा माणूस दुसऱ्या दिवशी गुळाचे रवे घेऊन आला की अडत्याला थाप मारायला जरा जड जायचं. रेडिओची आठवण निघाली की लोक गाण्यांबद्दल लिहितात. माझ्या मते त्या केंद्राचा खरा जीव या दहा मिनिटांच्या रुक्ष वाचनात होता.

गाण्यांचंही सांगतो, पण वेगळ्या कारणासाठी. ‘आपली आवड’ला पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर फर्माईश पाठवायची. निवेदक गाण्याआधी नावं वाचायचे, आणि नावापेक्षा गाव महत्त्वाचं: मुरगूड, कोडोली, हुपरी, तासगाव, शिरोळ. आपलं गाव आलं की घरात कोणीतरी ‘अगं, आपलं गाव!’ असं ओरडणारच, मग गाणं कोणतंही असो. मुंबईच्या कार्यक्रमात आम्ही श्रोते होतो, सांगलीच्या कार्यक्रमात पत्ता असलेली माणसं होतो. आज फोनला माझी आवड त्या निवेदकापेक्षा जास्त कळते, हे मान्य. पण त्या फोननं मुरगूडचं नाव मोठ्यानं उच्चारून आजूबाजूच्या चाळीस गावांना ऐकवलंय असं अजून तरी झालेलं नाही.

सकाळचं वेळापत्रक तुम्हाला कोणीही सांगेल. ६:५५ ला संस्कृत बातम्या, त्यातलं ‘प्रवाचकः बलदेवानन्दसागरः’ आख्ख्या महाराष्ट्राला अर्थाशिवाय पाठ. ७:०५ ला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, सुधा नरवणे यांचा आवाज. त्या संपेपर्यंत आंघोळ झाली नसली तर शाळेला उशीर. माझ्या वडिलांची आठवण याहून जुनी, १९५५ ची. पुणे केंद्रावरनं गीतरामायण सुरू झालं तेव्हा सांगली केंद्र नव्हतंच. गाणारे सुधीर फडके कोल्हापुरात जन्मलेले, पण कोल्हापूरकरांना ते ऐकायला खरखरीतनं पुणं शोधावं लागायचं. गल्लीत रेडिओ असलेलं घर एखादंच, त्यामुळं ओसरीवर बसायला जागा मिळवण्यावरनं भांडणं व्हायची म्हणे.

आता तुमच्या प्रश्नातली शंका. सगळं भारी होतं का? छे. कंटाळवाणं भरपूर होतं. सरकारी भाषणं, उद्घाटनं, कुणाच्या तरी सत्काराचं ध्वनिमुद्रण. १९८४ च्या ऑक्टोबरअखेरीला इंदिरा गांधी गेल्या तेव्हा दिवसचे दिवस सारंगी ऐकली, कारण दुसरं काही लागतच नव्हतं. रेडिओला लायसन लागायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे, ते ऐंशीच्या दशकात सुटलं. आणि सरकारला नको ती बातमी ऐकायची तर कान बीबीसीकडं न्यावा लागायचा. एकच दुकान असलं की मालाची तारीफ आपोआप होते, हेही विसरू नये.

दुसरी तक्रार भाषेची, ही मला जास्त टोचते. तेव्हाच्या टीव्हीवर आमची बोली जवळजवळ फक्त दोन ठिकाणी सापडायची: शेतीच्या कार्यक्रमात, किंवा नाटकातल्या गड्याच्या तोंडी, हशा पिकवायला. नायक बोलणार सदाशिव पेठेतलंच. सांगली रेडिओवर निदान शेतकरी मुलाखतीत ‘आमच्याकडं’, ‘व्हय’ म्हणाला तर कोणी कापत नसत. या बाबतीत आजचा टीव्ही पुढं गेलाय हे कबूल करायला पाहिजे. २०१६ ला ‘तुझ्यात जीव रंगला’ आली, तिचं चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगड्यात, आणि नायक ‘चालतंय की’ म्हणायला लागला. आमच्याकडं घराघरांतनं पहिली प्रतिक्रिया अर्थातच ‘असं कोण बोलतंय व्हय?’ आणि तरी रात्री सगळे टीव्हीपुढं. कोल्हापूरकराला कौतुक आवडतं, पण तसं उघड कबूल करणं पचत नाही.

आणि स्थानिक प्रसारण मेलं असंही समजू नका. कोल्हापुरात आता आकाशवाणीचं स्वतःचं एफएम आहे, १०२.७ वर, शिवाय खाजगी स्टेशनं. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नव्हती, पण २०११ च्या धोरणानं हवामान, वाहतूक, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती हे ‘बातमी’त धरलं नाही. हे वाचायला बारीक कलम वाटतं. ऑगस्ट २०१९ ला त्याची किंमत कळली. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, आमच्या भागात लाईट नाही, फोनला चार्जिंग नाही. शेजारच्या वैनींनी माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला, माझ्याकडनं सेल घातले, आणि जिन्यात बसून सगळी इमारत पाणी किती इंच चढलं, किती उतरलं ते ऐकत होती. व्हॉट्सॲपवर त्याच दिवसांत धरण फुटल्याच्या अफवा फिरत होत्या. रेडिओवरचा माणूस फूट आणि इंच सांगत होता.

तेव्हा ‘ऐकीव की खऱ्या’ याचं माझं उत्तर असं, की आठवण सांगणाऱ्याला गाव विचारा आणि साल विचारा. सोलापूर, रत्नागिरी, जळगाव, परभणी या प्रत्येकाचं स्टेशन वेगळं, त्यामुळं त्यांच्या आठवणीही वेगळ्या निघायला पाहिजेत. सगळ्यांचीच यादी मुंबईची निघाली तर समजा, उसनी आहे.

जाता जाता एक कामाचं. सांगली आजही ऐकायची असली तर प्रसारभारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर बघा. आणि हा प्रश्न वाचून कोणाला आजोबांचा रेडिओ माळ्यावरनं काढायची हुक्की आली, तर थेट प्लग लावू नका. इतकी वर्षं पडून राहिलेले कंडेन्सर वीज सोडल्या सोडल्या फुटू शकतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. सेलवरचा असला तर आधी जुने सेल काढून पट्ट्यांवरचा हिरवा गंज व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसा आणि कोरडं होऊ द्या. दोरी तुटली असेल तर मात्र घरी नाद करू नका, जाणता मेकॅनिक शोधा.