जमीन नवऱ्याच्या नावावर आहे. मला माझ्या नावाने ठिबकचं अनुदान मिळेल का?

सातबारा आणि ८-अ वर तुमचं नाव लागेपर्यंत नाही, पण नाव लावून घेता येतं. आमच्या बचत गटातल्या बायकांचे महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या अनुदानाच्या ऑनलाइन पोर्टलचे) अर्ज मी भरून देते. तिथे खातेदारच अर्जदार लागतो. लक्ष्मी मुक्ती योजनेत (१९९२ पासून) नवऱ्याने स्वेच्छेने अर्ज दिला की पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून चढतं. सुरुवात तलाठ्यापासून करा. जमीन भावाभावांत सामाईक असेल तर मात्र नवऱ्याच्या वाट्यापुरताच हा मार्ग आहे. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याचं पूरक अनुदान धरून ८० टक्के, तेही ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेवर. वरचं बिल आपलं, हे आधीच धरून चाला.

तोवर एक काम सातबाऱ्याशिवाय होतं, आणि ते मी आवर्जून सांगते: सोयाबीन-हरभऱ्याला गटातर्फे बीबीएफ यंत्र (रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरणारं) भाड्याने आणा. रुंद वरंब्यावर पेरलं की खंड पडला तरी ओल टिकते, आणि पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं. पेरणीच्या आठवड्यात यंत्र मिळत नाही, मे महिन्यातच सांगून ठेवा.