लग्नाच्या वहीतलं दुसरं पान

ताई, सलाम. नाशिकरोडला नव्याने चर्चच्या पाळक म्हणून आलात, आठवडा आरोग्य शिबिरात आणि निराधारांचे अर्ज भरण्यात जातो, त्यात आधीच्या पाळकांनी लावलेल्या लग्नाचा दाखला पासपोर्टला चालेना म्हणून जोडपं दारात येऊन बसलंय, असं लिहिलंत. हे दुखणं आमच्या चर्चच्या मंडळीनेही काढलंय. मी वकील नाही, तेव्हा शेवटचा शब्द वकिलाचाच घ्या.

आधी स्वतःचा परवाना काढून बघा. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात कलम ६ चा परवाना लग्न लावण्याचा आणि कलम ९ चा वेगळा, फक्त भारतीय ख्रिस्त्यांच्या लग्नाचे दाखले देण्याचा. परवाना माणसाच्या नावाचा असतो, चर्चच्या नाही. भिंतीवरचा आधीच्या पाळकांचा कागद तुमच्या कामाचा नाही. अधिकार नसताना लग्न लावलं तर १० वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ९ चा असेल तर वधू-वर दोघेही भारतीय ख्रिस्ती हवेत. एक जण हिंदू असेल तर कितीही गळ घातली तरी नाही म्हणा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन नोंदणी करू द्या, मग चर्चमध्ये आशीर्वादाची उपासना घ्या.

आता मुख्य गोष्ट. कलम ६ वाल्यांनी नोंद दोन प्रतींत करायची: तुमची, वधू-वरांची आणि दोन साक्षीदारांची सही दोन्हीकडे. एक वहीत राहते, दुसरी म्हणजे दाखल्याचं पान, ते फाडून महिन्याच्या आत विवाह निबंधकाकडे जातं. इथेच घोडं पेंड खातं. एका कार्यालयाने आमच्याकडची पानं खिडकीवर घेतली, शिक्का दिला नाही, आणि पुढे ‘आमच्याकडे आलीच नाहीत’ म्हणून हात वर केले. भुर्दंड जोडप्यांना: प्रतिज्ञापत्रं, वकील, बुडालेला रोज. म्हणून पानासोबत दोन प्रतींत पत्र द्या, त्यात अनुक्रमांक, नावं, लग्नाची तारीख. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का देत नसतील तर सरळ स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच वहीतल्या त्याच पानाला चिकटवा. कलम ९ वाल्यांची रीत निराळी, त्यांना वहीचे प्रमाणित उतारे पाठवावे लागतात.

तुमच्या जोडप्याची नोंद वहीत सापडली तर प्रमाणित नक्कल द्या आणि राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नोंदणी करायला सांगा. मुदत ९० दिवसांची, नंतर दंड भरून होते. लग्न लावणाऱ्याची सही लागते, तेव्हा बदली झालेल्या पाळकांना आजच फोन लावा.

वहीत व्हाइटनर अजिबात नको. चुकलं तर मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती, तिथे तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. वधूचं नाव माहेरचं, आधारवरच्या स्पेलिंगने.

आणि वेळ! सकाळी ६ ते संध्याकाळी ७, एवढ्यातच लग्न लावायचं. अपवाद थोडे, ते तुम्हाला लागू आहेत असं धरू नका. गंगापूर रोडच्या लॉन्सवर नवरी पार्लरमधून साडेसातला उतरते आणि सगळे ‘चालतं हो’ म्हणतात. ते चालत नाही. विधी दुपारी चर्चमध्ये, जेवणावळी रात्री खुशाल.

जाता जाता, दफनाची वहीही तपासा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. घरचे दुःखात विसरतात आणि पुढे विधवेचा निराधार अर्ज त्या एका दाखल्यावाचून अडतो.