बंद ब्रॉडबँड आणि नवजात बाळाची सोय: जाब कोणाला विचारायचा?

ग्रामपंचायतीत बसवलेली भारतनेटची पेटी दोन वर्षांपासून बंद आहे, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आजारी नवजात बाळाला ठेवून घेत नाहीत, आणि या दोन्हींसाठी राज्य सरकारला जबाबदार धरता येते का, असे आपण विचारले आहे. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालो. टेबलाच्या पलीकडच्या बाजूने अशा तक्रारी बरीच वर्षे पाहिल्या आहेत. जबाबदार धरता येते, पण एकाच अर्जात नाही, आणि नुसते ‘सरकार’ म्हणून तर मुळीच नाही.

आधी ब्रॉडबँडचे पाहू. गावोगावी ऑप्टिकल फायबर नेण्याची ही योजना २०११ साली केंद्राने मंजूर केली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्याचे काम मुख्यतः बीएसएनएलसारख्या केंद्राच्या कंपन्यांनी केले. दुसऱ्या टप्प्यात मात्र महाराष्ट्राने अंमलबजावणी स्वतःकडे घेतली आणि महाआयटी या राज्याच्या कंपनीमार्फत ‘महानेट’ या नावाने काम झाले. त्यामुळे आपली ग्रामपंचायत कोणत्या टप्प्यात आहे, हे कळल्याशिवाय केलेला अर्ज केंद्राकडून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे फिरत राहतो.

आढावा बैठकीत तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायती ‘जोडलेल्या’ म्हणून आकडा वाचला जायचा, आणि त्याच आठवड्यात मी एखाद्या गावी गेलो की ती पेटी कुलूपबंद कपाटात, तिची बॅटरी उतरलेली, आणि ग्रामसेवक स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दाखले काढत बसलेले दिसायचे. आकडा वाचणारा खोटे बोलत नव्हता, कारण रकान्याचे नावच ‘जोडलेल्या’ असे होते आणि ‘चालू’ असा रकाना त्या तक्त्यात नव्हताच. (तो नाही, हे माझ्याही बऱ्याच उशिरा लक्षात आले.) म्हणून ‘पेटी का बंद आहे?’ असे विचारू नका. अशा जोडण्यांवर नियंत्रण कक्षातून लक्ष ठेवले जाते, त्यामुळे ‘गेल्या सहा महिन्यांत आमच्या ग्रामपंचायतीची जोडणी कोणत्या दिवशी चालू व कोणत्या दिवशी बंद होती, त्या नोंदींच्या प्रती आणि देखभालीच्या कंत्राटाची प्रत द्यावी’ अशी मागणी करा. माहितीचा अधिकार ‘का’ला उत्तर देत नाही, तो कागद देतो.

नवजात बाळांच्या बाबतीत केंद्राकडे बोट दाखवायला जागा कमी आहे, कारण सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेने राज्यसूचीत ठेवलेला विषय आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी केंद्रातून येत असला तरी सेवा राज्याने द्यायची असते. इथेही घरे वेगवेगळी आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे; ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे; आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. ते रुग्णालय या तिसऱ्या घरातले होते.

तक्रारीचा मजकूरही बदलावा लागेल. ‘आमच्या ग्रामीण रुग्णालयात एसएनसीयू नाही’ असे लिहिलेत, तर नियमात बसत नाही एवढे एका ओळीचे उत्तर येईल आणि ते बरोबर असेल. विशेष नवजात कक्ष, म्हणजे एसएनसीयू, जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर अपेक्षित असतो. प्रसूती होते अशा प्रत्येक ठिकाणी वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे यंत्र, असलेला नवजात कोपरा हवा, आणि ग्रामीण रुग्णालय पहिला संदर्भ स्तर (लहान केंद्रांतून पुढे पाठवलेले रुग्ण आधी जिथे येतात ते रुग्णालय) म्हणून घोषित असेल, तर तिथे बाळाला स्थिर करण्यापुरता छोटा कक्ष अपेक्षित आहे. तेव्हा हा कक्ष मंजूर आहे का, वॉर्मर किती आणि त्यांतले चालू किती, बालरोगतज्ज्ञाचे पद मंजूर आहे का व भरलेले आहे का, आणि वर्षभरात किती बाळे पुढे पाठवली, हे विचारा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे शासकीय संस्थेतले उपचार, औषधे आणि पुढे नेणारे वाहन मोफत आहे. खासगी गाडीचे भाडे कोणी भरले असेल, तर तीही स्वतंत्र तक्रार होते.

जिल्ह्याला एसएनसीयू आहे, एवढ्यावरही समाधान मानू नका. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात असा कक्ष होताच. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे तिथे आग लागली, १० बाळे गेली आणि ७ वाचवता आली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल आणि त्यावर झालेली कार्यवाही मागायला काहीच हरकत नाही.

आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात का, हेही पाहा. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी ठरलेल्या आहेत. ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत उभी केली. तिथला नवजात मृत्युदर १९९३ ते १९९५ या काळात हजारी ६२ होता, तो १९९७-९८ पर्यंत साडेपंचवीसवर आला. म्हणजे मोठी इमारत नसतानाही बरेच काही होऊ शकते, त्यामुळे ‘निधी नाही’ हे उत्तर इथे लगेच मान्य करू नका.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार माहितीच्या अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांपर्यंत असावा लागतो, म्हणून दोन स्वतंत्र अर्ज करा. राज्याच्या कार्यालयासाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. बीएसएनएलकडे जायचे असल्यास दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. मिळालेले कागद ग्रामसभेत वाचून ठराव घ्या आणि त्या ठरावाची प्रत घेऊन आधी तालुक्याच्या लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात त्या दिवशी, जा. तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. प्रत्येक कागदावर पोच घ्या, आणि शिक्क्यातली तारीख वाचता येते ना, हे तिथेच खिडकीपाशी उभे राहून पाहा.