वाचकांचे प्रश्न : लेखकाशी बोलायचं कसं?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात एका कादंबरीकारांची प्रकट मुलाखत आहे. ती मी घ्यायची असं ठरलंय. वेळ एक तास. कादंबरी वाचली, आवडलीही. पण प्रश्न काढायला बसलं की ‘लिहायची प्रेरणा कुठून मिळाली?’ याच्या पुढे गाडी जात नाही. काय करावं?

उत्तर : तो प्रश्न आधी खोडून टाका. प्रत्येक व्यासपीठावर तो विचारला जातो, त्यामुळे त्याचं उत्तर लेखकाला पाठ असतं आणि श्रोत्यांनाही.

कादंबरी पुन्हा वाचा, या वेळी पेन्सिल घेऊन. पहिल्यांदा वाचताना आपण पुढे काय होतं या ओढीनं धावतो. रचना दिसते ती दुसऱ्या वाचनात. खुणा तीनच जागी करा : जिथे तुम्ही अडखळलात, जिथे निवेदनाचा सूर बदलला, आणि जिथे अपेक्षित असलेला प्रसंग लेखकाने दाखवलाच नाही. ही तिसरी जागा सगळ्यात कामाची. समजा, दोन भावांत वाटणी होते. वाटणीची बैठक मात्र पुस्तकात नाही. पुढचं प्रकरण उघडतं तेव्हा अंगणात थेट भिंत उभी असते. मग विचारा : ‘ती बैठक तुम्ही लिहून काढून टाकली, की लिहिलीच नाही?’ इथे लेखकाला थांबून आठवावं लागतं, आणि मुलाखत खरी सुरू होते ती तिथून.

आणखी एक हमखास जागा म्हणजे दिवाळी अंक. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे कितीतरी लेखन आधी अंकात आणि मग पुस्तकात येत आलं आहे. तुमच्या लेखकाचं काही असं आलं असेल, तर अंक मिळवून दोन्ही पाठ शेजारी ठेवा. शेवट बदललेला असतो, बोलीतले संवाद प्रमाण भाषेत गेलेले असतात किंवा एखादं पात्रच गळालेलं असतं. फक्त, बदल संपादकाने सुचवला असं गृहीत धरून विचारू नका. ‘हे का बदललं?’ एवढंच पुरे.

आता वेळेचं गणित. साठ मिनिटांतली पंधरा श्रोत्यांच्या प्रश्नांना सोडा. उरलेल्या पंचेचाळीसमध्ये, एकेका उत्तराला पाच-सहा मिनिटं धरली, तर सात-आठ प्रश्न होतात. दहा काढून ठेवा आणि त्यातले कुठले सोडायचे हेही आधीच ठरवा. प्रश्न दोन वाक्यांच्या वर जाऊ देऊ नका. एका दमात दोन प्रश्न विचारले की लेखक सोप्याचं उत्तर देतो आणि अवघड निसटतो. उतारा वाचून घ्यायचा असेल तर एक-दीड पान, म्हणजे साधारण तीन-चार मिनिटं. तो कुठला, हे आदल्या दिवशी कळवा.

खरा घोटाळा मुलाखतीच्या आधी होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, तिघांची मनोगतं आणि शाल-श्रीफळ यांत अर्धा तास सहज जातो. हा अर्धा तास मुलाखतीच्या साठ मिनिटांतूनच जाणार असेल, तर अध्यक्षांशी आधीच बोलून घ्या. सत्कार उरकल्यावरच कॉलर माइक लावायला सांगा, नाहीतर शाल माइकवर घासते आणि ध्वनिमुद्रणात अर्धा तास नुसती खसखस ऐकू येते. हातातला माइक असेल तर उताऱ्याच्या वेळी स्टँड हवाच. एका हातात पुस्तक, एका हातात माइक असताना पान उलटायला तिसरा हात कुणालाच नसतो. मानधन आणि प्रवासखर्च बोलावतानाच सांगावा. मराठी कार्यक्रमांत हा विषय संकोचापोटी शेवटच्या चहापर्यंत लांबतो, आणि तो संकोच यजमानांचा असला तरी भुर्दंड लेखकाला पडतो.

प्रश्न : पुस्तक वाचनालयाचं आहे. खुणा कशा करायच्या?

उत्तर : त्यावर अजिबात करू नका, पेन्सिलीनेही नाही. पोस्टकार्डाएवढा कागद पुस्तकात ठेवा आणि त्यावर पान क्रमांक, ओळ आणि चार शब्द लिहा. कागदावर सगळ्यात वर आवृत्ती आणि तिचं वर्ष टाका. नव्या आवृत्तीत पानं सरकतात आणि तुमचं ८४ वं पान लेखकाच्या प्रतीत ९१ वं निघतं. चिकट चिठ्ठ्या जुन्या पुस्तकाला लावू नयेत. पिवळा पडलेला कागद ठिसूळ असतो. चिठ्ठी काढताना त्याचा पापुद्राही निघतो. कोपरा दुमडला तर तो तिथेच तुटतो.

प्रश्न : ओळखीच्या लेखिकेचं नवं पुस्तक मला आवडलं नाही. त्या ‘कसं वाटलं?’ असं विचारताहेत. काय सांगू?

उत्तर : ‘छान आहे’ म्हणू नका. लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो. प्रकाशन समारंभाच्या दिवशी मात्र गप्प बसावं. तो दिवस फोटोंचा आणि पेढ्यांचा. आठवड्याने फोन करून एक लक्षात राहिलेली जागा आणि एक खटकलेली जागा, दोन्ही पान क्रमांकासह सांगा. ‘मध्ये रेंगाळतं’ याचा त्यांना काहीच उपयोग नाही. ‘सातव्या प्रकरणात आत्याबाई आल्यापासून नायिका काही करतच नाही, तिथे मी पुस्तक दोनदा खाली ठेवलं’ हे राग आला तरी उपयोगाचं असतं. दुसरं कसं लिहायला हवं होतं, हे सांगण्याच्या भानगडीत पडू नका. पुस्तक पूर्ण वाचलं नसेल, तर तेही स्पष्ट सांगा. ‘पान १२० ला थांबलो’ हासुद्धा अभिप्रायच आहे.

प्रश्न : एका पुस्तकात मुद्रणाच्या बऱ्याच चुका सापडल्या. लेखकाला कळवाव्यात का?

उत्तर : जरूर, पण प्रत प्रकाशकालाही पाठवा, कारण दुरुस्ती त्यांच्याकडेच होते. चार रकाने आखा : पान, ओळ, छापलेला शब्द, हवा असलेला शब्द. ओळ वरून मोजली की खालून, ते नोंदवा. लेखकाने मुद्दाम वापरलेली बोली या यादीत घालू नका. ‘व्हतं’ ही चूक नसते. मजकूर पुढे-मागे न ढकलता होणाऱ्या दुरुस्त्या पुनर्मुद्रणातही करता येतात, वाक्यं बदलायची असतील तर नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. म्हणून यादीचे हे दोन भाग वेगळे करून पाठवा.