जर्मनीत बिझनेस डिग्री, त्यात अर्थशास्त्र : पिंपळगावच्या मुलाला उत्तर

तुझा मेसेज दोनदा वाचला. बारावी कॉमर्स झालंय, घरची द्राक्षबाग पिंपळगावला, तुला अर्थशास्त्र आवडतं, पण बाबा म्हणतात 'नुसतं इकॉनॉमिक्स घेऊन काय करणार, बिझनेसची डिग्री घे.' कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टंटनं बर्लिनमधला इंग्रजी कोर्स सुचवलाय आणि लवकर पैसे भरा म्हणून मागे लागलाय. तू विचारतोस, ताई, बिझनेसच्या डिग्रीत अर्थशास्त्र खरंच शिकायला मिळतं का, आणि हे सगळं झेपेल का?

मिळतं. भरपूर मिळतं. फक्त ते तुझ्या ओळखीचं अर्थशास्त्र नसतं.

आधी दोन शब्द पाठ कर. जर्मनीत कंपनीचा कारभार शिकवणाऱ्या विषयाला बे-वे-एल म्हणतात आणि देशाच्या, बाजाराच्या अर्थशास्त्राला फाउ-वे-एल. बे-वे-एल घेतलं तरी पहिल्या दीड-दोन वर्षांत मायक्रो (एकेका गिऱ्हाइकाचं, कंपनीचं अर्थशास्त्र), मॅक्रो (अख्ख्या देशाचं), गणित आणि स्टॅटिस्टिक्स चुकत नाही. काही विद्यापीठांत दोन्ही एकत्र असलेली डिग्री असते, तिला मुलं 'विवि' म्हणतात. सुरुवातीला सगळं एकत्र शिकायचं आणि पुढे कल कुठे द्यायचा ते नंतर ठरवायचं. मी हॅनोव्हरला हीच घेतली. तुझ्या बाबांना 'बिझनेस' दिसतो, तुला अर्थशास्त्र मिळतं, घरात भांडण नाही. माझ्या मते तुझ्यासारख्यानं पहिल्यांदा हेच शोधावं. साधारण सहा सत्रं, 180 क्रेडिट.

आता मुख्य प्रश्न. बारावीला एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलंस की गणित?

हसू नको. आपल्याकडे अकरावीला निम्मा वर्ग 'मॅथ्स कशाला, एसपीला मार्क पडतात' म्हणून तिकडे वळतो. ओसी (वाणिज्य संघटन), बीके (बुक-कीपिंग), एसपी, इको, झालं. बोर्डाच्या इकोत व्याख्या असतात, कारणे द्या असतं, 'सहमत आहात का' असतं. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत मला अजून तोंडपाठ आहे, गृहीतकांसकट. त्या जोरावर मला वाटायचं, इको तर आपला हातखंडा विषय.

इथे मायक्रोच्या पहिल्या तासाला (लेक्चर वेगळं, उदाहरणं सोडवण्याचा तास वेगळा, त्याला युबुंग म्हणतात) आमच्याच वयाच्या ट्यूटरनं फळ्यावर लिहिलं: दोन वस्तू, त्यांचे भाव, खिशात ठरलेले पैसे, आणि उपयोगितेचं एक सूत्र. जास्तीत जास्त समाधान कुठे? मी मनातल्या मनात व्याख्या आठवत होते. त्यानं खाली एक ग्रीक लॅम्डा काढला, आधी एका वस्तूच्या दृष्टीनं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) घेतला, मग दुसरीच्या, तीन समीकरणं मांडली, सोडवली, उत्तराखाली रेघ मारली. चार मिनिटं. अख्ख्या तासात 'व्याख्या द्या' असं कोणी म्हणालं नाही. मला बारावीला गणित होतं, पण तिथे एकाच चलाचा डेरिव्हेटिव्ह. दोन चलं एकदम बघून मी वही मिटून बसले. शेजारच्या व्हिएतनामी मुलीनं तिची वही माझ्याकडे सरकवली, तो सेमिस्टर मी तिच्या वहीवर काढला.

स्टॅटिस्टिक्समध्ये मी पहिल्या प्रयत्नात नापास झाले. अभ्यास कमी पडला. इथे 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास आणि 5.0 म्हणजे नापास. आईला फोनवर 'पाच आले' सांगितलं तर ती म्हणाली, 'पाचपैकी पाच? छान!' दोन दिवस मी तिचा समज दूर केला नाही.

पण यातली एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच प्रयत्न असतात. सक्तीच्या पेपरात तिसऱ्यांदा गेलास तर विद्यापीठातून नाव कमी होतं, आणि तोच विषय मग जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. आपल्याकडे केटी लागली की पुढच्या वर्षी बघू म्हणतात, तसं इथे नाही. माझ्या बॅचचे दोघं गणितातच गेले.

तुला भीती घालायची नाहीये, कारण हेच अर्थशास्त्र एकदा हाताला लागलं की आपल्या माणसाला त्यात जास्त मजा येते. एका लेक्चरला 'श्वाइनेत्सिक्लुस' आलं, शब्दशः डुकरांचं चक्र. 1920च्या दशकात आर्थर हानाऊ नावाच्या जर्मन अभ्यासकानं डुकरांच्या भावाचा माग काढला: भाव चढला की सगळे शेतकरी डुकरं वाढवतात, ती बाजारात येईपर्यंत महिने जातात, मग एकदम सगळ्यांचीच येतात, भाव कोसळतो, लोक धंदा सोडतात, पुन्हा टंचाई, पुन्हा भाव. वर्गातल्या पोरांनी मुकाट लिहून घेतलं. मला मात्र विंचूरचा मामा दिसत होता. गेल्या वर्षी कांद्यानं पैसे दिले म्हणून यंदा गावभर रोप टाकलेलं, आणि मार्चनंतर लासलगावला ट्रॅक्टरांची रांग. जर्मनांनी डुकरांवरून नाव दिलं, आपण कांद्यावर भोगलं. अर्थात आपल्याकडे चक्र इतकं सरळ फिरत नाही, मध्ये अवकाळी येतो आणि दिल्लीही येते.

दिल्लीवरून आठवलं. ऑगस्ट 2023मध्ये सरकारनं कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, आपल्याकडचे लिलाव बंद पडले, आणि 8 डिसेंबरला निर्यातबंदीच आली. माझा तेव्हा सेमिनार पेपर चालू होता. मी प्रश्न घेतला: शुल्क भरतो निर्यातदार, पण ते जातं कोणाच्या खिशातून? परदेशातल्या गिऱ्हाइकाला इजिप्तचा किंवा पाकिस्तानचा कांदा घेता येतो, म्हणजे त्याची मागणी लवचीक. मामाचा कांदा मात्र काढून चाळीत पडलाय, रोज थोडा सडतोय, तो थांबू शकत नाही, म्हणजे पुरवठा ताठर. जो थांबू शकत नाही त्याच्यावर बोजा जास्त. दोन रेषांची आकृती, पण ती काढताना हात थरथरला. त्या पेपरला 1.3 मिळाले, माझे सगळ्यात चांगले गुण. तुझ्या घरी द्राक्षं निर्यात होत असतील तर असे प्रश्न तुझ्या पडवीतच पडलेत.

आता वाट. नुसत्या बारावीवर इथल्या सरकारी विद्यापीठात सहसा थेट प्रवेश होत नाही. आधी एक वर्ष स्टुडिएनकोलेग, म्हणजे परदेशी मुलांची विद्यापीठाआधीची तयारी, त्यात बिझनेस-अर्थशास्त्रवाल्यांचा डब्ल्यू-कोर्स, आणि शेवटी परीक्षा. त्या कोर्सला घेण्याआधीच जर्मन आणि बहुधा गणिताची चाचणी घेतात. बारावीचे कोणते विषय चालतात हे 'अनाबिन' नावाच्या सरकारी डेटाबेसवर स्वतः बघ, कन्सल्टंटच्या तोंडून ऐकू नको. शिवाय नोव्हेंबर 2022पासून आपल्याकडच्या कागदपत्रांना एपीएस प्रमाणपत्र (ती खरी असल्याची तपासणी) लागतं. त्याला वेळ जातो, अर्ज लवकर टाक.

जर्मन भाषेला पर्याय नाही. सरकारी विद्यापीठांतले बे-वे-एलचे बॅचलर कोर्स बहुतांश जर्मनमध्ये आहेत. इंग्रजीतले बरेचसे खासगी, आणि तिथे वर्षाला दहा-बारा हजार युरो फी सहज होते. तुझ्या बर्लिनच्या कोर्सचं गुपित हेच असावं. सगळ्या खासगी संस्था वाईट नसतात, पण कन्सल्टंटला कमिशन कुठून मिळतं याचा विचार कर, हेही अर्थशास्त्रच आहे. मी नाशिकला क्लास लावला आणि परीक्षा पुण्याला मॅक्सम्युलर भवनात दिल्या. पहाटेची बस, परतताना नारायणगावला मिसळ. बी-वनपर्यंत (जर्मनची मधली पातळी) मला जवळपास वर्ष लागलं. हिवाळी सत्राच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलै असते, म्हणजे तुझं यंदाचं गेलं. जाऊ दे.

पैशांचं थोडक्यात. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठाला ट्यूशन फी नाही, फक्त दर सत्राला काहीशे युरो भरायचे. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र आपल्यासारख्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला 992 सुटतात. खोलीभाडं आणि विमा गेला की उरलेल्यात काटकसर. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या वर्षी त्या कमाईवर बजेट बसवू नको. मी बसवलं होतं, स्टॅटिस्टिक्स त्यातच गेलं. डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. मला इथल्या एका विमा कंपनीत मिळाली. मुलाखत पूर्ण जर्मनमध्ये झाली, आणि त्यांनी जास्त विचारलं ते स्टॅटिस्टिक्सचंच.

बीकॉम नाशिकला करून मास्टर्सला येऊ का, असंही तू शेवटी लिहिलंयस. येता येतं, आणि घरच्यांना ते स्वस्तही पडेल. अडचण एकच: अर्थशास्त्राच्या मास्टर्सला इथे बॅचलरमधले गणित, स्टॅटिस्टिक्स, मायक्रो-मॅक्रोचे क्रेडिट मोजतात, आणि आपल्या बीकॉममध्ये ते पुष्कळदा कमी भरतात. फिरून गणितच.

तेव्हा कन्सल्टंटला एक रुपयाही देऊ नको. आधी बारावीच्या मार्कशीटचा फोटो पाठव, विषय नीट दिसतील असा. एसपी निघालं तर रागावणार नाही, पण मग बाबांनाही फोनवर बसव.