वेस अँडरसनच्या 'द दार्जिलिंग लिमिटेड' या पिक्चरमधे भारतात आगगाडीने फिरणारे तिघं अमेरिकन भाऊ (फ्रान्सिस, पीटर आणि जॅक) शेवटी सामान का फेकून देतात, आणि पीटर सतत बापाचा चष्मा घालून का फिरतो?

सामानाचं उत्तर सोपंय, जरा जास्तच सोपं. बॅगा मेलेल्या बापाच्या आहेत, त्यावर त्याची आद्याक्षरं आहेत, तिघं अख्ख्या राजस्थानभर ते लटांबर वाहून नेतात (म्हणजे बऱ्याचदा हमाल वाहतात, हेही बघण्यासारखंय) आणि शेवटी धावत गाडी पकडायची तर बॅगा टाकाव्याच लागतात. दुःखाचं ओझं टाकलं, झालं. वेस अँडरसनने हे इतकं उघड केलंय की मला तो चेष्टा करतोय असंच वाटतं, कारण त्या बॅगा खऱ्याखुऱ्या लुई व्हिटॉन या महागड्या ब्रँडने बनवलेल्या, वर प्राण्यांची चित्रं, आणि दुःखसुद्धा एवढं डिझायनर.

चष्म्यात मात्र जास्त दम आहे. आपल्याकडे बापाची चप्पल मुलाच्या पायात यायला लागली की मुलगा मोठा झाला म्हणतात ना, पीटर बापाचा चष्मा डोळ्यावर चढवतो, पण चष्म्याचा नंबर काही वारशाने मिळत नाही, म्हणून डोकं दुखत राहतं. त्याची बायको बाळंत व्हायला आलीय आणि हा तिला सोडून इथे पळून आलाय, बाप व्हायची भीती. म्हणून नदीत मुलं बुडतात तेव्हा जो मुलगा वाचत नाही तो नेमका पीटरच्या वाट्याला आलेला असतो. तिघं तीन मुलांसाठी उड्या मारतात, दोन वाचतात, आणि हा येऊन सांगतो की माझा मी वाचवू शकलो नाही. 'माझा' म्हणतो. मला तिथे दर वेळी गलबलतं.

मग पांढरे कपडे घालून ते त्या मुलाच्या अंत्यविधीला निघतात आणि मधेच वर्षभरापूर्वीचा दिवस सुरू होतो, बापाच्या अंत्यविधीला जायच्या वाटेवर हे गॅरेजमधे त्याची गाडी सोडवायला थांबलेत आणि ती काही चालू होत नाहीये. तो अंत्यविधी आपल्याला दिसतच नाही, सीन थेट त्या मुलाच्या चितेवर परत येतो. म्हणजे बापाचं राहिलेलं हे इथे एका अनोळखी गावात करतायत. आता यावर माझी एक तक्रार आहेच, तिघा अमेरिकनांना बरं वाटावं म्हणून आपल्या गावातलं एक पोर मारायचं आणि इरफानसारखा नट त्याचा बाप म्हणून घेऊन त्याला जेमतेम काही मिनिटं द्यायची. पण तेवढ्यात इरफान जे करतो ते बाकीच्या तिघांना पूर्ण पिक्चरभर जमलेलं नाही, हेही खरं.

फ्रान्सिस भावांकडून मोरपिसं घेऊन जो विधी करवून घेतो तो बऱ्याच लोकांना येडपट वाटतो, मला नाही वाटला. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून कावळा शिवायची वाट बघत उभं राहिलेल्या माणसाला कसला वाटणार. पहिल्यांदा तो फसतो कारण फ्रान्सिस बॉससारख्या सूचना देतो आणि प्रत्येक जण भलतंच करून येतो. शेवटी, ज्या आईला भेटायला ते गेलेले असतात ती न सांगता निघून गेल्यावर, परत करतात तेव्हा कोणी कोणाला काही सांगत नाही. (ही आई सगळ्यांसाठी नाश्ता स्वतःच ठरवते ते बघा, फ्रान्सिसची खोड कुठून आली ते कळेल.)

आणि बॅगा फेकल्या हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, पासपोर्ट कोणाच्या राहत नाही. सुरुवातीला फ्रान्सिस भावांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवतो, ते वैतागतात. शेवटच्या गाडीत तो परत द्यायला जातो तर ते म्हणतात असू दे तुझ्याकडेच. माझ्या मते शेवट तो आहे, सामान नाही.

जॅकचं वागणं कळलं नसेल तर आधी हॉटेल शव्हालिए ही छोटी फिल्म बघा, तेराच मिनिटांची आहे, तो लिहितो आणि 'काल्पनिक' म्हणून सांगतो ती कथा कुठून येते ते तिथेच आहे.