महाराजांचे दोन वाढदिवस

मस्कत, शुक्रवार

चि. राणू,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. "पप्पा, कॅलेंडरात शिवजयंती 19 फेब्रुवारीला, आपल्या बेळगावात चित्ररथ वैशाखात. 1 नोव्हेंबरला सगळीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, आणि आजोबा काळी फीत लावून निषेधाच्या सायकल फेरीत. जो तो आपल्या सोयीचंच सांगतो, मग इतिहास शिकायचा कशाला?" रागात होतीस की गं. पेपरात मार्क गेले वाटतं.

आधी शिवजयंती. काही बखरींत महाराजांचा जन्म शके 1549 च्या वैशाखातला, म्हणजे 1627 चा. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंदवही, टिळकांच्या हाती आली आणि 1916 मध्ये छापली गेली. तिच्यात तिथी निघाली फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. तीच तुझी 19 फेब्रुवारी 1630. (त्याच साली टिळक बेळगावात होमरूल लीग काढायला आले होते. शाळेत हे सांगितलंय का?)

आता जेधे काही निःपक्षपाती नव्हेत. आपल्या घराण्याचे पराक्रम त्यांनी आवर्जून टिपलेत, तिथे जरा हात राखूनच वाचावं. पण महाराज 1627 ला जन्मले काय नि 1630 ला, जेध्यांच्या वतनात बिघाभरही भर पडत नव्हती. मग तारीख खोटी कशाला लिहितील? पुढे परमानंद कवीच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही फाल्गुनच मिळाला आणि जोधपूरकडे सापडलेल्या महाराजांच्या कुंडलीतही. या तिघांनी मसलत केली असणं कठीण. म्हणून वैशाखातली मिरवणूक मोडावी असं मी म्हणणार नाही. चित्ररथ बघायला मिळत नाहीत म्हणून मीच इथे चडफडत असतो.

बैलहोंगलकडच्या बेळवडीचंही तसंच. 1678 च्या सुमाराला कर्नाटकातून परतताना मराठी फौजेला तिथल्या देसाईणीने अडवलं. मराठीत ती सावित्री, कन्नडात मल्लम्मा. शेवट कसा झाला हे दोन्हीकडे वेगवेगळं सांगतात, पण बाईने गढी निकराने लढवली हे आपली माणसंही नाकारत नाहीत. स्वतःला अडचणीचं असूनही कबूल केलेलं वाक्य दिसलं की मी तिथे पेन्सिलीने खूण करतो. तूही करत जा.

1 नोव्हेंबरचं मात्र माझ्याकडून ऐकू नकोस, मीही आजोबांच्याच बाजूचा. 1956 साली त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, एवढ्यावर तुझ्या वर्गातल्या कन्नड मैत्रिणीचंही दुमत नसेल. तिच्या आज्जीला तो दिवस कसा आठवतो ते विचारून ये. मग आजोबांना विचार. दोघांचं वहीत शेजारी-शेजारी लिही, मध्ये आपलं काही घालू नकोस.

आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत शेताचे जुने कागद आहेत. 1956 च्या आधीचे आणि नंतरचे, दोन्हींचे फोटो पाठव. कोणत्या सालापासून कागदाची भाषा बदलली, ते मला बघायचंय.

तुझा,
पप्पा